भिंगरीची खुर्ची

अगं धाकटे, किती हलशील त्या खुर्चीत! पाय हलवला की कर्र, मान वळवली की कर्र. तुला बसायला दिली म्हणजे काय तिचा जीव घ्यायला दिली? बस, बस, उठू नकोस. नीट बस एवढंच म्हणतोय मी.

दिवे गेलेत तर गेले. येतील तेव्हा येतील. आत जाऊन घामाच्या धारा काढण्यापेक्षा इथं अंगणात बरं आहे. वारा आहे, चटई आहे, सगळे एकत्र आहेत, आणखी काय पाहिजे माणसाला? काय म्हणालास? भुताची गोष्ट? हे बघ, मी भूत पाहिलेलं नाही. थापा मारायची सवय तुमच्या मामाला, मला नाही. पण एका माणसाची हकिकत सांगतो. घडलेली आहे, आणि ज्याच्यावर घडली त्याच्या तोंडून ऐकलेली आहे. मधेमधे बोलायचं नाही. बोललात तर मी गप्प बसेन, मग बसा डास मारत.

माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याला लागूनच एक वेतवाला होता, दुकान आणि घर एकच. वेताच्या खुर्च्या, टोपल्या, झोपाळे, सगळं स्वतः विणायचा. हात असा की बघत राहावं. माणूस हसरा, थट्टेखोर. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, की बाबा रे, तुझी खुर्ची फार कुरकुरते, की हा म्हणायचा, "अहो, वेत कोरडा पडला की बडबडतो. पाणी पाजा, गप्प बसेल. फक्त खालच्या बाजूनं पाजा, वरून तो पीत नाही." गिऱ्हाईक घरी जाऊन खालून ओलं फडकं फिरवायचं आणि खुर्ची खरंच गप्प व्हायची. एक-दोन दिवस तरी.

त्याला एकच मुलगी. सहा-सात वर्षांची असेल. एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिच्यासाठी त्यानं एक लहानशी खुर्ची विणली होती आणि ती खुर्ची अशी कुरकुरायची की विचारू नका. पण तिला मात्र तो पाणी लावू देत नसे. का? तर हा खाली मान घालून काम करणार आणि मागे पोरगी खुर्चीत पाय हलवत बसणार. कर्र, कर्र, कर्र. आवाज येतोय तोवर पोरगी जागेवर आहे. आवाज थांबला की बघायचं, कुठं उधळली ते. भिंगरीची आई दवाखान्यात रात्रपाळी करायची. सकाळी येऊन दिवसा झोपायची तिची धडपड, आणि इकडे ही कुरकुर. ती वैतागायची, "अहो, डोकं उठलं माझं, एकदा पाणी लावा त्या खुर्चीला." हा म्हणायचा, "ती खुर्ची नाही, माझा पहारेकरी आहे."

उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात संध्याकाळ मोठी मजेत जायची. ऊन कललं की खुर्च्या बाहेर यायच्या. कलिंगड कापायचं, पत्ते पिसायचे, आल्यागेल्याला हाका मारायच्या. मीही दुकान बंद करून तासभर टेकायचो. अंधार पडला तरी उठावंसं वाटत नसे. शेवटी सामान आत न्यायचं, आणि वेतवाला दारात उभा राहून अंधाराकडे तोंड करून मोठ्यानं ओरडायचा, "कोणी राहिलंय का बाहेर? या आत! जागा आहे भरपूर!" मग आतून भिंगरी किंचाळायची, "नाही! सगळे आले!" आणि दार लागायचं. रोजचा खेळ. पोरगी हसून हसून लोळायची.

मी एकदा म्हटलं होतं त्याला, "असं अंधाराला आमंत्रण देऊ नये रे." तो म्हणाला, "आमंत्रणाला येणारी माणसं तरी कुठं राहिलीत, काका?" आम्ही दोघं हसलो.

आता ती रात्र ऐका. जूनमधला पहिला शनिवार. सोमवारी शाळा उघडायची होती. नव्या दप्तराचं भिंगरीनं डोकं खाल्लं होतं आणि उद्या आणू असं ठरलं होतं. त्या दिवशी वेतवाल्याला एका विश्रामगृहात खुर्च्या पोचवायच्या होत्या. टेम्पो भाड्यानं घेतला, माल चढवला, उतरवला, मालकानं रंगावरून हुज्जत घातली, आणि हा परत आला तेव्हा अंगातली ताकद गेलेली. बायको फाटकातच भेटली. गाडी चुकेल म्हणून धावतच होती. "जेवण झाकून ठेवलंय. तिला लवकर झोपवा," एवढंच म्हणाली आणि गेली.

बापलेक अंगणातच जेवले. जेवता जेवताच दिवे गेले. भिंगरी चटईवर पालथी पडून मांजरीशी खेळत होती, खुर्चीत काही ती बसली नाही त्या दिवशी. यानं जांभई दिली. म्हणाला, "चल बाळ, आत."

"अजून थोडा वेळ."

"मी दमलोय गं."

"रोज बसतो की आपण! सोमवारपासून शाळा आहे, मग कुठं बसायला मिळणार?"

"नाही म्हणजे नाही. ऊठ."

एरवी तो असा बोलायचा नाही. पोरीचे डोळे भरले. "कट्टी," म्हणाली. "कायमची कट्टी." आणि पाय आपटत आत गेली.

त्याला वाईट वाटलं. पण सकाळी काढू समजूत म्हणून त्यानं चटई गुंडाळली. मोठ्या खुर्च्या नेल्या. शेवटी तिची लहान खुर्ची दोन्ही हातांना धरून आत नेऊन ठेवली. मग दारात उभा राहिला. पोरीला हसवावं म्हणून मुद्दाम रोजच्यापेक्षा जोरात ओरडला.

"कोणी राहिलंय का बाहेर? या आत! जागा आहे भरपूर!"

आतून उत्तर नाही.

रुसलीय, तो मनाशी म्हणाला. दार लावलं. कडी घातली. वळला.

आणि बाहेरून आवाज आला.

"बाबा, मी राहिले ना."

...

काय गं धाकटे, घाबरलीस? ये, ये, आजीच्या मांडीवर बस. अगं, घे हिला जवळ. हं. राहू दे ती खुर्ची तिथंच, कुणी खाणार नाही तिला.

तर वेतवाल्याला आधी हसू आलं. ही पोरगी! मागल्या दारानं पुन्हा बाहेर गेली की काय? तो कडीला हात लावणार, इतक्यात त्याची नजर खोलीत गेली. अंथरुणावर कुणीतरी होतं. डोक्यावरून पांघरूण ओढलेलं. भिंतीकडे तोंड.

त्यानं कडीवरचा हात काढला.

"भिंगरे?"

पांघरुणातून उत्तर आलं, "मी कट्टी आहे."

बाहेरून उत्तर आलं, "बाबा, दार उघडा ना. अंधार आहे."

दोन्ही आवाज तिचेच. अगदी तिचेच.

मेणबत्ती कुठंतरी फडताळात, पण फडताळ लांब. डोक्यात एकच विचार. एक माझी आहे. एक नाही. आणि माझी जर बाहेर असेल, तर ती तिथं अंधारात एकटी उभी आहे.

त्यानं दाराला तोंड लावून विचारलं, "उद्या आपण काय आणायचं ठरवलंय?"

बाहेरून लगेच, "नवं दप्तर. निळं."

तो अंथरुणाकडे वळला. "तू सांग. काय आणायचंय उद्या?"

"सांगणार नाही जा. कट्टी म्हणजे कट्टी."

बघा आता. रुसलेलं पोर असंच बोलणार ना? पण घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही. बाहेरची सगळं जाणत होती. का जाणणार नाही? दप्तराचं बोलणं अंगणात झालं होतं. रोजचंच बोलणं अंगणात होत होतं. कुणी बसून ऐकत असेल, तर त्याला काय ठाऊक नसणार?

बाहेरची रडायला लागली. हळूहळू. हुंदके देत.

"बाबा... इथं कुणीतरी आहे."

आणि मग त्याला खुर्ची आठवली.

खुर्ची खोटं बोलणार नाही. मांजर बसलं तरी ती कुरकुरते. तिच्यात माझं पोर बसलं की मला आंधळ्यालाही कळेल. त्यानं खुर्ची उचलून अंथरुणाजवळ आणली.

"ऊठ. यात बस."

"मला झोप आलीय."

"ऊठ म्हणतो ना!"

ती उठली. अंधारात नुसता आकार. खुर्चीत बसली.

आवाज नाही.

"पाय हलव."

"का?"

"हलव!"

तिनं पाय हलवले. त्याला दिसत होतं, हलताहेत. पुढे. मागे. पुढे.

आवाज नाही.

इतकी वर्षं स्वतः विणलेल्या खुर्च्यांचा आवाज ऐकणारा माणूस. जिच्यात वजन नाही तिच्याखालीच खुर्ची गप्प बसेल, हे त्याच्या डोक्यानं पक्कं धरलं. त्यानं मागचं दार उघडलं. खुर्चीचे हात धरून ती तिच्यासकट उचलली. हात घामानं निसटत होते.

"बाबा, कुठं नेताय?"

तो चालत राहिला.

"बाबा?"

मागच्या अंगणात, अंधारात, त्यानं खुर्ची ठेवली. आत येऊन उंबऱ्यात उभा राहिला आणि होता नव्हता तो सगळा जोर एकवटून ओरडला, "पुन्हा या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही! ऐकलंस? नाही म्हणजे नाही!"

दार लावलं. कडी.

मागून दारावर लहान हात. थाप. थाप.

"बाबा, मी नाही कट्टी आता..."

तो पुढच्या दाराकडे धावला.

"बट्टी, बाबा. बट्टी..."

त्यानं कानांवर हात ठेवले. पुढचं दार उघडलं. दारात भिंगरी उभी होती. ती त्याला घट्ट बिलगली. त्यानं तिला आत घेतलं, दार लावलं, आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसला.

मागच्या दारावरची थाप थांबली होती.

...

सकाळी त्यानं मागचं दार उघडलं. खुर्ची होती. रिकामी. आजूबाजूला काही नाही. त्याच्या जिवात जीव आला. वाईट गेलं, पोर वाचली, असं म्हणून त्यानं चूल पेटवली, दूध तापवलं. भिंगरी शहाण्यासारखी एका जागी बसून दूध प्यायली. तिच्या केसांवरून हात फिरवताना, तो म्हणाला, मला रडूच फुटलं.

थोड्या वेळानं बायको आली. रात्रभर जागून डोळे लाल. मागच्या अंगणात खुर्ची दिसली तशी तिनं ती उचलली आणि उलटी केली.

"बघा, अजून ओल आहे खाली," ती म्हणाली. "काल निघायच्या आधी तुम्ही घरी नव्हता, म्हणून साधून घेतलं. ओलं फडकं चांगलं दोनदा फिरवलं खालून. आता रागवा हवं तर, पण आज तरी मला दुपारी झोप लागेल."

तो त्या ओल्या वेताकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "अहो, एवढं काय झालं? पाणीच लावलंय ना."

पोरांनो, जगात त्या एका माणसाला जी गोष्ट सगळ्यांत चांगली ठाऊक होती, तीच त्या घटकेला त्याला आठवली नाही. हजार गिऱ्हाइकांना सांगून झालेलं. पाणी पाजा, गप्प बसेल.

त्यानं खुर्ची उन्हात ठेवली. दुपारपर्यंत तिच्यासमोर बसून राहिला. जेवला नाही. वेत खडखडीत वाळला. मांजर आलं, उडी मारून खुर्चीत चढलं.

कर्र.

त्यानं मांजराला खाली उतरवलं. भिंगरीला हाक मारली.

"बस बाळ."

ती बसली. पाय हलवले. पुढे. मागे. पुढे.

काही नाही.

ती त्याच्याकडे बघून हसली. तिच्या नेहमीच्याच हसण्यानं.

मग तो माणूस वेड्यासारखा फिरला. विहिरी पाहिल्या, ओढा पाहिला, रस्त्याच्या कडेचं झाड न् झाड पाहिलं. लोक विचारायचे, काय शोधतोयस रे? काय सांगणार? पोरगी हरवली म्हणून तक्रार द्यायला जावं, तर पोरगी घरात बसून निळ्या दप्तरात पुस्तकं भरतेय. बायकोला सांगावं, तर काय सांगावं? की तुझी लेक मी माझ्या हातांनी बाहेर ठेवून आलो? नाही सांगितलं. ती बिचारी शेवटपर्यंत त्या मुलीला जीव लावून गेली.

आणि मुलगी, खरं सांगतो, गुणी निघाली. शिकली, नोकरीला लागली, आजारपणात बापाची सेवा केली. नावं ठेवायला जागा नाही. एवढंच, की अंधार पडला की ती कधी अंगणात बसली नाही. कितीही उकडलं तरी आत. तोही तिच्याशी कधी वाईट वागला नाही. पण तिच्यासाठी पुन्हा खुर्ची विणली नाही त्यानं.

तो मात्र अंगणात बसायचा. उन्हाळ्यात बसायचा, तसा थंडीतही कानाला मफलर गुंडाळून बसायचा. शेजारी ती लहान खुर्ची, रिकामी. लोक म्हणायचे, याचं डोकं फिरलं. मीही म्हणायचो. शेवटच्या उन्हाळ्यात त्यानं मला हे सगळं सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "पण रोज कशाला बसतोस तिथं?"

तो म्हणाला, "काका, ती येते."

त्या रात्रीच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी संध्याकाळी, पहिल्यांदा आली म्हणे. हा अंगणात डोकं धरून बसलेला. वारा नाही. मांजर नाही. आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून आवाज. कर्र. कर्र. कर्र. पाय हलवल्यासारखा. यानं हळूच म्हटलं, भिंगरे... आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. हा गप्प बसला की कुरकुर सुरू. अंधार दाट झाला की हा दारात उभा राहून म्हणायचा, "कोणी राहिलंय का बाहेर? ये गं आत. जागा आहे." थट्टा नव्हती आता ती. हात जोडून म्हणायचा. आणि हाक मारली रे मारली की आवाज बंद व्हायचा.

"आत येत नाही, काका," तो म्हणाला. "मीच नाही म्हणून सांगितलंय ना. शब्द पाळते माझा. आणि... मला घाबरते ती."

एवढं बोलून त्यानं ती खुर्ची माझ्याकडे सरकवली. म्हणाला, "मी गेलो की घेऊन जा. तुमच्याकडे पोरंबाळं असतात, संध्याकाळी बाहेर बसता सगळे. तिला आवडेल. हाक मारू नका फक्त."

पाऊस सुरू व्हायच्या आधीच तो गेला. खुर्ची मी आणली.

हं. हीच. उगाच बघू नका तिकडे. चला, बास झालं आता, उशीर झालाय. चटई गुंडाळा, तांब्या उचला. आणि धाकटे, तुला किती वेळा सांगितलं, हलू नकोस म्हणून त्या...

...

तू तर केव्हाची आजीच्या मांडीवर आहेस, नाही का.

...

ऐकताय ना?

बोलू नका. कुणी हाक मारू नका. एकेक करून आत चला. खुर्ची राहू दे तिथंच. दार नुसतं लोटून घ्या.

कडी लावू नका.